मदत हवी आहे : इंग्लंडच्या सफोक परगण्यातली दोन खेडेगावातली चर्चेस, गाडीशिवाय

मंडळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात वेनहॅस्टन आणि ब्लाइथबर्ग एका दिवसात करायचं आहे. इप्सविच-लोस्टॉफ्ट रेल्वे लाइनवर हेल्सवर्थला उतरून वेनहॅस्टन साधारण ५ किमी, पुढे ब्लाइथबर्ग अजून ४-५ किमी. एरवी हे चालण्यासारखं अंतर आहे, पण ब्लाइथबर्गजवळ ए१२ हा हमरस्ता आडवा येतो आणि तिथली वाहनं भरधाव असतात. शेतातल्या पायवाटेने गेल्यास हा रस्ता कितपत टळतो? पावसानंतर चिखल किती?

वेनहॅस्टनला लाकडी फळ्यांवरचं अंतिम न्यायाचं (जगाच्या अंती देव सगळ्यांचा निवाडा करतो, त्या ख्रिस्ती प्रसंगाचं) चित्र पाहायचं आहे. १८९२ मध्ये चर्चच्या दुरुस्तीत या फळ्या बाहेर टाकल्या होत्या, पावसाने वरचा चुना धुतला गेला आणि खालचं चित्र दिसलं! दार बंद असल्यास किल्ली कोणाकडे, याची चिठ्ठी बहुधा पोर्चमध्ये असते; इथे ती असते का?

ब्लाइथबर्गच्या छतावरचे लाकडी देवदूत फार उंचावर आहेत, म्हणून ८×४२ दुर्बीण नेणार आहे. उत्तर दारावरच्या काळ्या जळक्या खुणा (दंतकथेतल्या काळ्या कुत्र्याच्या!) मात्र हाताच्या अंतरावर दिसतात. खरी अडचण फोटोंची आहे: दोन्ही बाजूंच्या वरच्या खिडक्यांतून उजेड येतो, त्यावर एक्सपोजर धरलं की देवदूत काळे पडतात. एक्सपोजर +१ ने वाढवलं तर पुरतं का, की ब्रॅकेटिंगच (एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्सपोजरचे अनेक फोटो) बरं? उन्हाळी वेळ संपून घड्याळं तासभर मागे गेल्यावर साडेचारला सूर्य मावळतो, त्यामुळे ब्लाइथबर्ग आधी घ्यावं का?