वाहन चालवण्याच्या वाईट सवयी प्रदेशागणिक बदलतात का?

गोदाकाठ (नांदेड)

बियाण्यांच्या व्यवसायामुळे मला नांदेडहून पुणे, हैदराबाद, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चारही दिशांना स्वतः गाडी चालवत जावे लागते. पुण्यात ‘एमएच २६’ची पाटी दिसली की मागचा माणूस जरा जास्तच हॉर्न वाजवतो असा माझा अनुभव आहे, आणि तिथले नातेवाईकही ‘तुमच्या मराठवाड्यात लायसन्स कोण बघतो’ असे सहज बोलून जातात. हे बोलणे मला मनापासून लागते, कारण त्यात तथ्य अजिबात नाही असेही मला म्हणता येत नाही.

आमच्याकडे गावाच्या फाट्यावरून तिघांना घेऊन निघालेली मोटारसायकल उजवीकडे न पाहता सरळ महामार्गावर येते. रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर अप्पर लाइट तसाच ठेवला जातो. चौपदरी रस्त्यावर पेट्रोल पंप किंवा धाबा जवळ असला की लोक खुशाल उलट दिशेने गाडी हाकतात. पण पुण्यात मी दुचाकी पदपथावरून जाताना पाहतो, आणि पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवले तर त्या अंतरात तत्काळ कोणीतरी शिरतो. हैदराबादेत इंडिकेटर न देता लेन बदलणे आणि यू-टर्नच्या जागी सगळ्यांच्या पुढे गाडी आडवी घालणे नित्याचे आहे. नागपूरचे रस्ते रुंद आहेत, पण सिग्नल पिवळा झाला की तिथे वेग कमी होण्याऐवजी वाढतो.

मला जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या सवयी खरोखर त्या त्या प्रदेशातल्या माणसांच्या स्वभावातून येतात, की तिथल्या रस्त्यांतून आणि वाहनांतून? आणि यांतली सर्वांत जीवघेणी सवय कोणती? माझी मुलगी यंदा गाडी शिकते आहे आणि तिला सर्वांत आधी कशाची भीती दाखवावी, हे मला ठरवायचे आहे.

सीमेवरचा (उमरगा)

आमचा तालुका सोलापूर-हैदराबाद महामार्गावर असल्यामुळे पंजाब, हरियाणा, राजस्थान, आंध्र, तमिळनाडू या सर्व राज्यांचे ट्रक आमच्या दारावरून जातात. एवढ्या वर्षांत हे ट्रक पाहून माझे असे मत झाले आहे की घातक सवय अमुक एका प्रदेशाची नसते. दोन प्रदेशांच्या सवयी एकाच रस्त्यावर समोरासमोर आल्या की धोका तयार होतो.

इंडिकेटरचेच उदाहरण घ्या. आपण ट्रकच्या मागे आहोत आणि त्याने उजवा इंडिकेटर लावला. काही चालक याचा अर्थ ‘समोरून गाडी येते आहे, थांब’ असा घेतात, काही जण हाच इशारा ‘वाट मोकळी आहे, निघ’ म्हणून देतात, आणि खरोखर उजवीकडे वळणाराही तोच इंडिकेटर लावतो. एका खुणेचे तीन अर्थ आणि त्यांतले दोन एकमेकांच्या नेमके उलट. डिपरचे, म्हणजे पुढचे दिवे क्षणभर उघडझाप करण्याचेही तसेच आहे. आपल्या देशात समोरून डिपर मारणारा बहुतेक वेळा ‘मी येतो आहे, तू थांब’ असे सांगत असतो, पण सौजन्याने ‘तुम्ही आधी जा’ म्हणून डिपर देणारेही अधूनमधून भेटतात. दोघांनीही पहिला अर्थ घेतला तर निदान दोघे थांबतात. दोघांनीही दुसरा घेतला तर काय होते, ते अरुंद पुलावर मी पाहिले आहे.

मुलीला सांगा की दुसऱ्याच्या खुणेवर ओव्हरटेक करायचे नाही. समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांना पुरेसा लांब आणि रिकामा दिसला तरच पुढे जायचे, नाही तर दहा किलोमीटर मागे राहावे लागले तरी राहायचे.

लालपरीचा जुना चालक (परभणी)

मी एसटीतून निवृत्त झालो आहे आणि नोकरीचा सुरुवातीचा काळ कोकणात काढला आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. स्वभावाचा फरक असतो असे लोक म्हणतात, परंतु एकच चालक कोकणात एका पद्धतीने आणि परभणीत दुसऱ्या पद्धतीने गाडी चालवताना मी पाहिला आहे. कोकणातल्या घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा कायद्यातला नियम आहे आणि तिथले जुने चालक तो मनापासून पाळत, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलताना मागे सरकते हे प्रत्येकाने अनुभवलेले असे. आपल्याकडे सपाटी असल्यामुळे हा संस्कार कोणावर होतच नाही. मग हाच माणूस कन्नडच्या घाटात गेला की वळणावर ओव्हरटेक करतो, समोरून ट्रक आला की मध्येच अडकतो आणि घाट तासन् तास बंद पडतो.

मराठवाड्याचा खरा शत्रू सरळ रस्ता आहे. वळण नाही, झाड नाही, उन्हाळ्यात क्षितिजापर्यंत सगळे एकाच रंगाचे दिसते आणि डोळे उघडे असूनही मेंदू झोपतो. समृद्धी महामार्गाने हा प्रश्न फार मोठा केला. हा रस्ता ७०१ किलोमीटरचा आहे, सपाटीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि जालना व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जाताना तो दोरी ताणल्यासारखा आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले, तेव्हा मला कितीतरी रात्री झोप लागली नाही. त्या अपघाताच्या कारणांवर मी काही बोलणार नाही. मात्र रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत गाडी पळवून ‘लवकर पोचलो’ म्हणून अभिमानाने सांगणे ही आपल्या भागातली फार वाईट सवय आहे, आणि लग्नसराईत ती सर्वाधिक दिसते. वऱ्हाड रात्री निघते, चालक दिवसभर मंडपात जागा असतो, आणि त्याला कोणी ‘बाबा, झोपलास का?’ एवढेही विचारत नाही.

रस्त्याचा माणूस (छत्रपती संभाजीनगर)

मी रस्तेबांधणीच्या क्षेत्रात काम करतो. काकांचे अनुभव मोलाचे आहेत, परंतु प्रदेशांची तुलना करताना आकडे समोर ठेवले पाहिजेत असे मला वाटते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. सर्वाधिक अपघात तमिळनाडूत, ६४,१०५. परंतु सर्वाधिक मृत्यू उत्तर प्रदेशात, २२,५९५, आणि तेही ४१,७४६ अपघातांत. म्हणजे तमिळनाडूत साधारण साडेतीन अपघातांमागे एक मृत्यू होतो, तर उत्तर प्रदेशात दोन अपघातांमागे एकाहून अधिक. आता यांतला कोणता प्रदेश ‘वाईट चालवतो’ म्हणायचा? किरकोळ अपघातही काटेकोरपणे नोंदवणारे राज्य कागदावर वाईट दिसते, आणि जखमीला वेळेत रुग्णालयात नेता येत नाही तिथे मृत्यू वाढतात, मग चालक कसाही असो. आपल्या महाराष्ट्रात त्याच वर्षी १५,२२४ जीव गेले, त्यामुळे पुणे की मराठवाडा या वादात कोणालाच मान वर करता येणार नाही. देशभरातल्या एकूण मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाले, ही बाब मात्र सर्व प्रदेशांना समान आहे.

उलट दिशेने गाडी चालवण्याबद्दल मूळ प्रश्नकर्त्यांनी लिहिले आहे, त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. रस्ता चौपदरी होतो तेव्हा गाव एका बाजूला राहते आणि निम्मी शेते दुसऱ्या बाजूला. दुभाजकातली फट गावापासून दीड-दोन किलोमीटर दूर असते, सेवारस्ता अर्धवट असतो किंवा नसतोच. पूर्वी ज्या शेतात माणूस पाच मिनिटांत जात असे, तिथे कायद्याने जायचे तर आता तीन-चार किलोमीटरचा वळसा पडतो, आणि बैल किंवा पाण्याची मोटार वाट पाहत असताना तो वळसा कोणी घालत नाही. त्यातून मग लोक रात्रीतून दुभाजक फोडून स्वतःची फट तयार करतात. ही फट कोणत्याही नकाशावर नसते, तिथे फलक नसतो, दिवा नसतो, आणि ताशी शंभरच्या वेगाने येणाऱ्या परक्या चालकाला तिथून ट्रॅक्टरचे नाक बाहेर येईल अशी कल्पनाही नसते. मी याचे समर्थन करत नाही. पण ‘लोकांना शिस्त नाही’ असे म्हणून हात झटकणारे अधिकारी आणि सल्लागार पाहिले की मला संताप येतो, कारण भुयारी मार्ग कुठे लागणार आहे हे त्या गावातल्या कोणत्याही गुराख्याने त्यांना सांगितले असते.

पूर्वोत्तरचा अनुभव (वसमत)

मी सैन्यात असताना काही काळ मिझोराममध्ये होतो. अभियंता साहेबांनी सगळा भार रस्त्यावर टाकला आहे, त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. ऐझॉल हे डोंगरउतारावर वसलेले शहर आहे, रस्ते आपल्या वसमतच्या बाजारपेठेइतके अरुंद आहेत, चढउतार तीव्र आहेत. तरीही तिथे हॉर्न क्वचितच ऐकू येतो. वाहनांची रांग थांबलेली असते, शेजारची बाजू पूर्ण रिकामी असते, आणि तरी कोणी तिच्यात शिरत नाही. रस्त्यामुळेच सवयी बनतात असे असते तर त्या शहरात रोज मारामाऱ्या झाल्या असत्या.

माझ्या समजुतीप्रमाणे तिथे पोलिसापेक्षा शेजाऱ्याची लाज मोठी आहे. रांग मोडणाऱ्याकडे सगळे वळून पाहतात, आणि त्याला ते सहन होत नाही. आपल्याकडे रांग मोडून पुढे गेलेल्या मुलाला मागे बसलेला बापच ‘वा’ म्हणतो. हे बदलायला चौपदरी रस्ता किंवा निधी लागत नाही.

गुरुजनांपैकी एक (केज)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. इथल्या चर्चेत आमच्या जिल्ह्याचा सर्वांत मोठा धोका अजून आलेला नाही, म्हणून लिहिते आहे. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत आमचे रस्ते उसाचे होतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही इतक्या भरलेल्या की ऊस दोन्ही बाजूंनी हात हात बाहेर आलेला, मागे दिवा नाही, असला तर उसाच्या शेंड्यांनी झाकलेला. चालकाने मोठ्या आवाजात गाणी लावलेली असतात, त्यामुळे मागून वाजवलेला हॉर्न त्याच्यापर्यंत पोचत नाही. ट्रॉली बंद पडली की चाकांना मोठे दगड लावतात, मागे रस्त्यात बाभळीच्या फांद्या टाकतात आणि दुरुस्ती झाली की निघून जातात. दगड आणि फांद्या तिथेच राहतात. माझा चुलतभाऊ अशा उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकलसह आदळून गेला. अमावास्येच्या आसपासची रात्र होती आणि समोरून येणाऱ्या जीपचा अप्पर लाइट त्याच्या डोळ्यांवर होता, असे मागून येणाऱ्यांनी सांगितले.

हेच ट्रॅक्टर सांगली-कोल्हापूरकडेही दिसतात, म्हणून ही एकट्या बीडची सवय नव्हे. पण त्या उसावर बसून जाणारी मुले माझ्या वर्गातली आहेत. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते, आणि खेपा वाढवण्यासाठी चालक दिवसरात्र ट्रॅक्टर चालवतो. त्याला नुसते बेशिस्त म्हणणे मला पटत नाही, आणि त्याला माफ करणेही जमत नाही.

दुसरी गोष्ट अल्पवयीन चालकांची. आठवी-नववीची मुले वडिलांची मोटारसायकल घेऊन शाळेत येतात. २०१९ च्या सुधारित कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मी प्रत्येक पालकसभेत सांगते. पालक ऐकून घेतात आणि विचारतात, ‘बाई, शाळेच्या वेळेला एसटी येत नाही, मग पोराने यावे कसे?’ या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नसते. तरी त्या मुलांना हेल्मेट द्या, एवढे तरी मी मागते. हेल्मेट नसल्यामुळे २०२२ मध्ये देशात ५० हजारांवर माणसे गेली. ही संख्या आमच्या आख्ख्या केज शहरापेक्षा मोठी असेल.

गोदाकाठ (नांदेड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी शहरांच्या सवयी मोजत बसलो होतो, पण बाईंनी जे लिहिले ते वाचल्यावर मुलीला पहिली भीती कशाची दाखवायची याचा निर्णय झाला: हंगामात अंधार पडल्यावर राज्यमार्गावर गाडी काढायची नाही, आणि काढावीच लागली तर आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवायचा.

माझे बरेच शेतकरी ग्राहक ऊस लावतात आणि त्यांच्या ट्रॉल्या घरच्या आहेत. बियाण्याच्या पिशवीसोबत मी परावर्तक पट्टी दिली तर ते लावतील असा माझा विश्वास आहे. कोणती पट्टी घ्यावी आणि ती कुठे लावावी, हे अभियंता साहेबांनी कृपया सांगावे.

रस्त्याचा माणूस (छत्रपती संभाजीनगर)

उत्तम विचार आहे. नियमाप्रमाणे मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूंना पिवळी पट्टी लागते. नुसता चमकदार रंगीत कागद घेऊ नका. तो दिवसा छान दिसतो आणि रात्री काहीच उपयोगाचा नसतो. दुकानातच मोबाईलचा दिवा डोळ्यांजवळ धरून पट्टीवर टाका, ती लख्ख उजळली तरच घ्या. ट्रॉलीच्या फळीवर लावलेली पट्टी ऊस भरल्यावर झाकली जाते, म्हणून बाजूंची पट्टी खाली चाकांच्या पातळीवर लावा, आणि मागच्यासाठी हातभर रुंद लाल परावर्तक कापड दोरीला शिवून द्या, म्हणजे गाडी भरल्यावर ते शेवटच्या मोळ्यांवरून बाहेर सोडता येईल. कारखान्याच्या काट्यावर ट्रॉलीचे वजन झाले की ऊस उतरवण्याआधीच ते काढून ट्रॅक्टरच्या बैठकीखाली ठेवायला चालकाला आठवणीने सांगा, नाही तर पहिल्याच खेपेत ते उसासोबत गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस टाकतात त्या जागेत, जाईल.