मदत हवी आहे: स्कीच्या पिन बाइंडिंगमध्ये (बुटाचे टोक दोन्ही बाजूंनी पिनांच्या जबड्यात धरून स्कीला जोडणारी पकड) बर्फ साचू नये म्हणून काय करावे?

आम्ही कोल्हापूरचे तिघे फेब्रुवारीत पुन्हा गुलमर्गला, अफरवटच्या उतारांवर स्कीइंगसाठी जाणार आहोत. गेल्या खेपेस चढाई संपवून उतरणीसाठी बूट अडकवताना, पुढच्या स्प्रिंगखाली दाबून बसलेल्या बर्फामुळे बाइंडिंगचा जबडा पूर्ण मिटत नव्हता. तो मिटल्यासारखा दिसे, पण पहिल्याच वळणावर बूट सुटे.

काठीच्या टोकाने खरवडून पाहिले, बुटाच्या खोबणीतला बर्फही काढला, तरी स्प्रिंगखालचा घट्ट थर निघाला नाही. ज्वालाग्राही स्प्रे विमानात चालत नाही, गरम पाणी पुन्हा गोठते आणि कोल्हापुरात प्रयोगासाठी बर्फ मिळतो तो गोळेवाल्याकडेच!

स्प्रिंगच्या हालचालीला अडथळा न आणता तिथे बर्फ चिकटू देणार नाही असे आधीच काय लावावे, आणि हातमोजे न काढता वापरता येईल असे कोणते हत्यार सोबत ठेवावे?