मदत हवी आहे: लीचेसवर 1780, चेस डॉट कॉमवर 1430, मग पटावर किती?

निपाणीचा_पालक
मुलगा 13 वर्षांचा, आठवीत. लीचेस आणि चेस डॉट कॉम या बुद्धिबळाच्या ऑनलाइन साइट, दोन्हीकडे 10 मिनिटांचे डाव खेळलाय. लीचेसवर रॅपिड 1780, चेस डॉट कॉमवर 1430. आता कोल्हापूर-सांगली भागात एखाद्या फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग स्पर्धेत उतरवायचा विचार आहे. दोनातला खरा आकडा कुठला? फिडे रेटिंग साधारण किती मिळेल? आणि आम्ही कर्नाटकातले, महाराष्ट्रातली स्पर्धा चालते का?

अडीच_घरं
दोन्ही आकडे खरे, पण आपापल्या तळ्यात, म्हणजे त्या त्या साइटवरच्या खेळाडूंत. रेटिंग म्हणजे मीटरपट्टी नव्हे. त्याच तळ्यातल्या बाकीच्यांशी खेळून गुणांची किती अपेक्षा धरायची, एवढंच ते सांगतं. 100 चा फरक असेल तर वरच्याने 100 डावांत सुमारे 64 गुण घ्यावेत, 200 असेल तर 76.

लीचेस नव्या माणसाला 1500 वर बसवतं आणि ग्लिको-2 या रेटिंगच्या पद्धतीने मोजतं. चेस डॉट कॉम ग्लिको वापरतं, तिथं सुरुवातीचा आकडा आपण निवडलेल्या पातळीवरून ठरतो, नवशिक्याचा बराच खाली. म्हणून या पातळीला लीचेसचा आकडा दोन-चारशेने फुगलेला दिसतो. वर जाल तसा हा फरक कमी होतो. तुमच्या मुलाचे 350 त्यातच आले, त्यात विशेष काही नाही. लीचेसवर आकड्यापुढं प्रश्नचिन्ह असेल तर तो अजून स्थिर नाही, तो धरूच नका.

आणखी एक गोम. 10 मिनिटांचा डाव या दोन्ही ठिकाणी 'रॅपिड'मध्ये मोडतो. फिडेच्या हिशेबात 10 मिनिटं किंवा कमी म्हणजे ब्लिट्झ, रॅपिड 10 च्या वर. म्हणजे मुलगा आजवर ब्लिट्झच खेळलाय, आणि उतरणार आहे 90 मिनिटं अधिक प्रत्येक चालीला 30 सेकंद अशा डावात. 60 चालींचा डाव झाला तर दोघांचे मिळून चार तास. 1780 मधून अमुक वजा करा असं सूत्र सांगणारे भेटतील, ते सोडून द्या.

खानापूरकर
पहिल्या रेटिंगचं गणित मांडून दाखवतो, कारण यात जुनी माहिती फार फिरते. मार्च 2024 पासून फिडेची खालची मर्यादा 1000 वरून 1400 झाली. कुणी '1100 रेटिंग' म्हणालं तर ते त्याआधीचं समजा.

किमान 5 डाव रेटिंग असलेल्यांशी व्हायला हवेत, एकाच स्पर्धेत झाले पाहिजेत असं नाही. मात्र पहिल्याच स्पर्धेत अशा खेळाडूंशी शून्य गुण झाले तर ती स्पर्धा धरत नाहीत. मग त्या डावांत 1800 च्या दोन काल्पनिक खेळाडूंशी दोन बरोबऱ्या मिळवतात.

समजा 5 प्रतिस्पर्धी, सरासरी 1520, गुण 2. प्रतिस्पर्ध्यांची बेरीज 7600 अधिक 3600, भागिले 7, म्हणजे 1600. गुण 2 अधिक 1, म्हणजे 7 पैकी 3, 43 टक्के. फिडेच्या तक्त्यात 43 टक्क्यांना उणे 50, ते 1600 मधून गेले. रेटिंग 1550. तेच 5 पैकी 1 गुण असता तर 29 टक्के, उणे 158, म्हणजे 1442.

त्यामुळं पहिला आकडा बघून हुरळू नका, त्यात ते दोन काल्पनिक गडी आहेत. 18 वर्षांखालच्यांना 2300 पर्यंत के (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक) 40 असतो. 1550 वाल्याने 1650 वाल्याला हरवलं तर सुमारे 26 वाढतात, हरला तर 14 जातात. वर्षभरात आकडा कुठल्या कुठं जातो.

राज्याचं म्हणाल तर एआयसीएफची (अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ) चालू वर्षाची नोंदणी कर्नाटकातून करा. खुली रेटिंग स्पर्धा देशात कुठंही चालते, सांगली काय नि बंगळूर काय. राज्य निवड स्पर्धा मात्र आपल्याच राज्याची. सीमाप्रश्न पटावर येत नाही म्हणायचा!

निपाणीचा_पालक
फार उपयोग झाला. हातात सहा आठवडे आहेत. काय बदलू?

अडीच_घरं
10 मिनिटांचे डाव आठवड्याला दोन-तीनवर आणा, बाकी 15 मिनिटं अधिक चालीला 10 सेकंद, किंवा 30 मिनिटं. आणि समोर खरा पट मांडून त्यावर सोंगट्या हलवत खेळू दे. स्क्रीनवर पट वरून सपाट दिसतो, टेबलावर तिरका. लांबच्या कोपऱ्यातला उंट नेमका तिथं नजरेतून सुटतो. रविवारी एक डाव घड्याळ लावून समोरासमोर, दोघांच्याही चाली लिहून. 30 सेकंदांची भर असली की शेवटपर्यंत लिहावंच लागतं. आधी चाल करायची, मग लिहायची. ऑनलाइनवाली मुलं हे उलटं करतात, पंच टोकतो.

खानापूरकर
बेकायदा चालीचंही घोटून घ्या. स्क्रीन अशी चाल होऊच देत नाही, त्यामुळं शहात राजा तसाच ठेवून दुसरं काही हलवायची चूक इथं पहिल्यांदा कळते. पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याला 2 मिनिटं जादा, दुसऱ्या वेळी डाव गेला.

किल्लेकोटात (कॅसलिंग) आधी राजा उचलायचा. हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूचा किल्लेकोट गेला. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की वजीर ठेवूनच घड्याळ दाबायचं. जादा वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागायचा. हत्ती उलटा ठेवून 'हा वजीर' म्हणायची गल्लीतली पद्धत चालत नाही, तो हत्तीच धरतात.

सोंगटी नुसती सरळ करायची असेल तर आपल्या चालीच्या वेळी, आधी 'ॲडजस्ट' म्हणून. मोबाईल तुमच्याकडे द्यायचा, त्याच्या खिशात नको. आणि ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं, हे घरीच अंगवळणी पाडा.