स्प्लेंडरला इरिडियम प्लग, मोठी कॉईल आणि रेसिंग सीडीआय बसवावेत का?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे ९७.२ सीसीची जुनी, कार्बोरेटरची स्प्लेंडर असून रोज सातारा ते कोरेगाव असे जाणे-येणे असते. पावसाळा लागल्यापासून सकाळी सात-आठ किका माराव्या लागतात आणि भर पावसात चढाला गाडी मिसिंग करते. कार्बोरेटर साफ करून झाला. इरिडियम प्लग (इरिडियम धातूच्या टोकाचा स्पार्क प्लग), जास्त व्होल्टेजची कॉईल (प्लगला उच्च दाबाची वीज देणारी) आणि रेसिंग सीडीआय (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) एकदमच बसवा, पिकअपही वाढेल, असे गॅरेजमध्ये सांगतात. हा खर्च करावा का?

पहिले उत्तर

कोरड्या दिवशी गाडी नीट चालत असेल, तर ठिणगी कमी पडत नसून ती वाटेतच गळत असण्याची शक्यता अधिक आहे. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लग कॅपवर आणि तिच्या वायरवर पाण्याचा हलका फवारा मारून पाहा. रबराला चीर गेली असेल, तर निळसर ठिणगी इंजिनच्या हेडकडे पळताना दिसते. त्या वेळी कॅपला हात मात्र लावू नये.

कॉईलविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. डब्यावर कितीही व्होल्ट छापलेले असले, तरी प्लगच्या फटीतून ठिणगी उडण्यासाठी जेवढा विद्युत दाब (व्होल्टेज) लागतो, तेवढ्यालाच ती उडते आणि पुढचा दाब चढतच नाही. शिवाय सीडीआय पद्धतीत ठिणगीची ऊर्जा आतल्या कपॅसिटरमध्ये साठते, त्यामुळे नुसती कॉईल बदलून ती वाढत नाही.

दुसरे उत्तर

वरील मताशी सहमत आहे. सीडीआयबाबत थोडी भर घालतो. काही गाड्यांत त्याला मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) कॉईलमधून वीज मिळते, तर काहींत बॅटरीतून, आणि एका जातीचा सीडीआय दुसऱ्या जातीच्या गाडीवर चालत नाही. रेसिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत बहुधा आरपीएमची मर्यादा काढलेली किंवा टायमिंग पुढे ओढलेले, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असे केलेले असते. मर्यादेपाशी कधीही न पोहोचणाऱ्या गाडीला पहिल्याचा काय उपयोग? दुसऱ्याने चढाला इंजिन ठोकू लागण्याचा धोका असतो.

तिसरे उत्तर

इरिडियम प्लगला मात्र सरसकट नाकारू नये. त्याचे टोक बारीक असल्याने कमी दाबाला ठिणगी उडते आणि तो साध्या प्लगपेक्षा बराच अधिक टिकतो; पिकअप वाढण्याची अपेक्षा ठेवू नये, एवढेच. घेताना आट्यांची जाडी, लांबी आणि हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते) मूळ प्लगचीच हवी. एनजीकेच्या प्लगवरील आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा असतो. बॉशचा हिशेब नेमका उलटा आहे. इरिडियम प्लगचे टोक तारेच्या ब्रशने घासू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. काल रात्री फवारा मारून पाहिला आणि कॅपच्या खालच्या कडेला ठिणगी स्पष्ट दिसली. कॅप काढल्यावर वायरचे टोक हिरवे पडलेले आढळले. तेवढा तुकडा कापून त्यावर ५ किलो-ओम रोधाची नवी कॅप फिरवून बसवली. प्लगची फटही जवळपास १ मिमी झाली होती, म्हणून साधाच नवा प्लग ०.७ मिमीवर लावला. आज सकाळी पावसात दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. सीडीआय आणि कॉईल जुनीच ठेवली आहे.