तळहातांवर पुरळ, डेंग्यू निगेटिव्ह: गोचीडतापाचा संशय सोडावा का?

प्रश्न
माझा दवाखाना पुण्यात, खडकवासल्याच्या पुढे आहे. पन्नाशीच्या एका शेतकऱ्यांना सहा दिवसांपासून ताप असून डेंग्यू व मलेरियाच्या तपासण्या निगेटिव्ह आहेत. प्लेटलेट ८५ हजार, सोडियम १२९, म्हणजे दोन्ही कमी. सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक चालू असूनही ताप हटत नाही. मनगटे आणि घोट्यांवर उठलेले पुरळ आता तळहात-तळपायांवरही दिसते आहे. गोचीड चावल्याच्या जागी पडणारी काळी खपली कुठेही सापडली नाही, वाइल-फेलिक्स ही रिकेट्सियासाठीची जुनी रक्ततपासणीही निगेटिव्ह आली. घरच्या कुत्र्याच्या कानांत मात्र गोचीड आहेत. रिकेट्सियाचा, म्हणजे गोचीडताप घडवणाऱ्या जंतूंचा, विचार आता सोडून द्यावा का?

उत्तर १
मुळीच सोडू नये. आपल्याकडच्या गोचीडतापात, म्हणजे रिकेट्सिया कोनोरीच्या संसर्गात, खपली बहुतेकदा दिसतच नाही आणि पहिल्या आठवड्यात वाइल-फेलिक्स निगेटिव्ह येणे नेहमीचेच आहे. हे जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत वाढतात, त्यामुळे सेफ्ट्रिॲक्सोनचा त्यांच्यावर उपयोग होत नाही. तळहातांवरचे पुरळ आणि कुत्र्याचे गोचीड एवढ्यावर मी आजच डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करीन. ताप साधारण ४८ तासांत उतरू लागतो. तसे न झाल्यास निदानाचा पुन्हा विचार करावा.

उत्तर २
प्रयोगशाळेच्या बाजूने एक आग्रहाची विनंती. कागदावर केवळ ‘रिकेट्सिया’ लिहून पाठवल्यास अनेकदा स्क्रब टायफस या वेगळ्या पण मिळत्याजुळत्या तापाचीच आयजीएम (प्रतिपिंडांची) तपासणी होते आणि तिच्या निगेटिव्ह अहवालाने हा आजार वगळला जात नाही; म्हणून ‘स्पॉटेड फीव्हर गट’ (गोचीडताप ज्यात मोडतो तो गट) असे स्पष्ट लिहावे. पीसीआरसाठी (जंतूची जनुके शोधणाऱ्या तपासणीसाठी) रक्त शक्यतो डॉक्सिसायक्लिनच्या आधी घ्यावे, परंतु त्यासाठी औषध अडवून ठेवू नये. सीरमचा (रक्तद्रवाचा) एक नमुना आज आणि दुसरा दोन ते चार आठवड्यांनी घेऊन दोन्ही एकत्र तपासावेत. इम्युनोफ्लुओरेसन्स या प्रतिपिंड मोजणाऱ्या तपासणीत आयजीजी प्रतिपिंड चौपट वाढलेले आढळले, तर निदान पक्के मानता येते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. त्यांच्या सात वर्षांच्या नातवालाही कालपासून ताप आहे. त्याला डॉक्सिसायक्लिन चालेल का?

उत्तर १
चालेल. या आजाराच्या संशयात वय आड येऊ देऊ नये. वजनाच्या दर किलोला २.२ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. दात पिवळे पडण्याची धास्ती जुन्या टेट्रासायक्लिनमुळे आहे, डॉक्सिसायक्लिनच्या अल्प उपचारात तसे आढळलेले नाही. त्याआधी त्याचे केस, कानांमागचा भाग आणि काखा नीट पाहाव्यात. गोचीड सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. घरच्यांना तो नखांनी चिरडण्याची सवय असते, तीही थांबवावी, कारण त्यातला द्रव बोटावरच्या ओरखड्यातून किंवा डोळ्यातून संसर्ग करू शकतो.