जपानमधलं ओन्सेन (गरम पाण्याच्या झऱ्याचं स्नानगृह) आणि अंगावरचा टॅटू : तुमचे अनुभव लिहा

नोव्हेंबरात जपानला गेलो होतो. माझ्या दंडावर राजमुद्रा आहे. हाकोनेजवळच्या एका ओन्सेनमध्ये तिकीट काढलं, कपडे उतरवले, तेवढ्यात तिथल्या आजोबांनी दोन्ही हातांची छातीशी फुली केली. पैसे परत दिले, तीनदा वाकून माफी मागितली. तरी सगळ्यांसमोर पुन्हा कपडे चढवताना जीव अगदी कानकोंडा झाला. टॅटू म्हणजे याकुझा टोळीवाला, ही तिकडची जुनी धास्ती. १८७२ पासून १९४८ पर्यंत तर गोंदायलाच कायद्याने बंदी होती. कोणी टॅटूसकट ओन्सेनला जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा. मला पुन्हा जायचंय.

———

दादा, किनोसाकीला जा. ह्योगो प्रांतात, क्योतोहून आगगाडीने साधारण अडीच तास. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि सातही ठिकाणी टॅटू चालतो. माझी अख्खी पाठ गोंदलेली आहे, कोणी वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळी युकाता (सुती किमोनो) घालून, गेता म्हणजे लाकडी चपला खडखडवत माणसं नदीकाठच्या वाळुंजांखालून या स्नानगृहातून त्या स्नानगृहात जातात. मी युकात्याची उजवी बाजू वर घेतली होती. मुक्कामाच्या ठिकाणच्या बाईंनी लगबगीने येऊन स्वतः डावी वर करून दिली, कारण उजवी वर फक्त मृताला नेसवताना घेतात.

———

माझा अनुभव आईचा आहे. आम्ही टोकियोत, निशी-कासाईत राहतो, आई साताऱ्याहून आली होती. तिच्या हातावर तुळशीवृंदावन, हनुवटीवर तीन ठिपके. ओन्सेनच्या दारावरची टॅटूबंदीची पाटी मी वाचून दाखवली तर म्हणाली, "अगं, हे गोंदण आहे. मी सात वर्षांची असताना आजीनं बसवलं होतं मला." मला पुढे बोलवेना. होक्काइदोत २०१३ साली न्यूझीलंडच्या एका माओरी (तिथल्या मूळ रहिवासी) बाईंनाही चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे असंच परत पाठवलं होतं, तेव्हा मोठी चर्चा झाली होती.

मग आम्ही काशिकिरी घेतलं, म्हणजे ठरावीक वेळेपुरतं आपल्या एकट्याचं स्नानगृह. पन्नास मिनिटं मिळाली. आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मगच कुंडात. गळ्यापर्यंत पाण्यात बसल्यावर आई म्हणाली, "वज्रेश्वरीसारखंच कढत आहे गं." निघताना मालकीणबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि वृंदावनाच्या एकेका रेघेवरून हळूच बोट फिरवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ते गोंदण कशाचं, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी आईला पुन्हा वाकून नमस्कार केला.

———

माझा टॅटू मनगटावर, लहानसा. कातडीच्या रंगाचं स्टिकर लावलं की काही ठिकाणी सोडतात. पाण्यात कडा सुटतात, म्हणून जरा मोठंच घ्या. गल्लीतल्या साध्या सेन्तोमध्ये, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, मला कधीच कोणी अडवलं नाही. बाकी ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून विचारते, "तातू दाइजोबु देसु का?" म्हणजे टॅटू चालेल का? फोनवरचा नकार एवढा लागत नाही.