मुलगी गोलरक्षक आहे. सोलापुरातून पुढचा मार्ग कसा असतो?

'आसरा चौक' या टोपणनावाने आलेला प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी नववीत असून शाळेच्या फुटबॉल संघात गोलरक्षक आहे. यंदा विभागीय स्पर्धेत पुण्याच्या एका शाळेशी गाठ पडली. संघ हरला, परंतु तेथील एका प्रशिक्षकांनी आवर्जून भेटून तिला हीच जागा सोडू नकोस असे सांगितले. आमच्या घरात क्रिकेटपलीकडे कोणी काही खेळलेले नाही. त्यामुळे महिला फुटबॉलमध्ये गोलरक्षकाची व्यावसायिक कारकीर्द कशी घडते, किती वर्षे चालते, तिच्यावर चरितार्थ होतो का आणि सोलापुरात राहून तयारी कुठवर शक्य आहे, हे जाणकारांनी सांगावे. तिची उंची पाच फूट चार इंच आहे, तीही एक शंका आहेच.

जुना गोलकीपर, कोल्हापूर

ताई, उंचीपासूनच सुरुवात करतो. महिलांचा गोल पुरुषांएवढाच असतो, म्हणजे ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, त्यामुळे उंचीचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. मात्र नववीतल्या मुलीची उंची पाहून निकाल देऊ नये. आखूड हातांची भरपाई बऱ्याच अंशी पायांनी होते, कारण झेप घेण्याआधी टाकलेली दोन झटपट पावले आणि चेंडूच्या रेषेत वेळेवर उभे राहणे यांमुळे निम्म्या झेपा घ्याव्याच लागत नाहीत. प्रेक्षकांना झेप दिसते, निवड करणाऱ्यांना मात्र ही पावले दिसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तिला आत्ताच केवळ गोलमध्ये कोंडू नका. सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२ मध्ये आला आणि तेव्हापासून दोन्ही पायांनी अचूक पास देणे हे या जागेचे मूलभूत काम झाले. आता २०२५-२६ च्या हंगामापासून चेंडू आठ सेकंदांहून अधिक काळ हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर किक (मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक) मिळते, म्हणजे विचारही लवकर करावा लागतो. अमेरिकेची होप सोलो शाळेत आघाडीची खेळाडू होती, विद्यापीठात गेल्यावर ती पूर्णवेळ गोलरक्षक झाली आणि पुढे तिने देशासाठी दोनशेहून अधिक सामने खेळले. सरावात अर्धा तास मुलीला मधल्या फळीत खेळू द्यावे, असे शाळेच्या सरांना जरूर सांगा.

आता कारकिर्दीविषयी. संघात आघाडीच्या खेळाडू बदलल्या जातात, पण गोलरक्षक एकच असते आणि ती सहसा बदलली जात नाही. त्यामुळे या जागेवरच्या कारकिर्दीचा मोठा भाग बाकावर बसण्यात जातो, आणि पालकांना हेच सर्वांत कमी ठाऊक असते. जर्मनीच्या नादिने आंगेररने १९९६ मध्ये राष्ट्रीय संघात पदार्पण केले, तरी २००७ च्या विश्वचषकापर्यंत ती बहुतांशी राखीवच राहिली. त्या वर्षी पहिली गोलरक्षक जखमी झाल्याने तिला संधी मिळाली आणि संपूर्ण स्पर्धेत तिने एकही गोल होऊ दिला नाही. अंतिम सामन्यात तर ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टीही अडवली. २०१३ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने दोन पेनल्टी अडवल्या. ही जागा उशिरा फळते आणि दीर्घकाळ टिकते. ज्या वयात विंगवरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणाऱ्या मुली दमू लागतात, त्या वयात गोलरक्षकाची समज पक्की होत असते. मुलीला हे थांबणे जमेल का, हा प्रश्न मला उंचीपेक्षा मोठा वाटतो.

रेल्वे लाइन्स

वरील प्रतिसाद खेळाच्या दृष्टीने उत्तम आहे, पण चरितार्थाचा प्रश्न त्यात राहून गेला. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली. २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लीगमधील प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार करावा, असे ठरवले. ऐकायला हे बरे वाटते, परंतु दहा म्हणजे सगळा संघ नव्हे, आणि राखीव गोलरक्षक त्या दहांत असेलच असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

म्हणून पदवी सोबत हवीच. अदिती चौहानचे उदाहरण मला त्यासाठीच महत्त्वाचे वाटते. भारताची ही गोलरक्षक लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला इंग्लंडला गेली आणि तेथे असतानाच २०१५ मध्ये वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघातून खेळली. परतल्यावर गोकुलम केरळ या क्लबसोबत तिने लीगचे विजेतेपद मिळवले आणि २०२५ मध्ये निवृत्त झाली. तिच्या कारकिर्दीला शिक्षणाने अडवले नाही, उलट परदेशी क्लबचे दार त्यातूनच उघडले. भारताची सध्याची गोलरक्षक, मणिपूरची पंथोई चानू, ऑस्ट्रेलियातील क्लबकडून खेळून आली आहे. जुलै २०२५ मध्ये थायलंडला २-१ ने हरवून भारत आशियाई चषकासाठी पात्र ठरला, तेव्हा गोलमध्ये तीच होती.

याखेरीज महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि रेल्वेतही क्रीडा कोट्यातून भरती होते. रेल्वेचा स्वतःचा महिला संघ राजमाता जिजाबाई करंडकाच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो. क्लबपेक्षा हा मार्ग अधिक भरवशाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आसरा चौक

दोघांचेही आभार. थांबण्याची तिची तयारी आहे, निदान आज तरी ती तसे म्हणते. आपले मैदान मुरमाचे आहे, झेप घेतली की कोपर आणि कंबर सोलवटून निघते आणि महागडे ग्लोव्हज दोन महिन्यांत झिजतात. यावर काही उपाय आहे का? आणि दहावीनंतर तिला पुण्याला पाठवावे का?

जुना गोलकीपर, कोल्हापूर

मुरमावर रोज झेपा घ्यायला लावणारा प्रशिक्षक मुलीचे नुकसान करतो. जमिनीवर पडण्याचा सराव आठवड्यातून एकदा, मऊ माती किंवा वाळू टाकलेल्या पट्ट्यात किंवा जुन्या गाद्यांवर करावा. कोपराला आणि कमरेला पॅड असलेले कपडे घालावेत. उरलेले दिवस पावले, चेंडू झेलणे, कडेवरून गोलसमोर येणाऱ्या उंच चेंडूंसाठी (क्रॉस) उडी आणि पायाचा खेळ यांवर घालवावेत. सरावाला स्वस्त ग्लोव्हज वापरून चांगला जोड सामन्यासाठी राखावा आणि घालण्यापूर्वी तळवे थोडे ओले करावेत, म्हणजे पकड वाढते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात सकाळी साडेआठच्या आत सराव आटोपलेला बरा.

मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाला इजा होण्याचे प्रमाण मुलांपेक्षा बरेच जास्त असते. त्यामुळे सरावाआधी फिफाचा ११+ हा वॉर्म-अप रोज करून घ्या. त्याला वीसेक मिनिटे लागतात आणि साहित्यही फारसे लागत नाही.

पुण्याबद्दल माझे मत असे की, तेथे केवळ गोलरक्षकांसाठी वेगळा प्रशिक्षक असेल तरच पाठवा. नाहीतर वीस मुलींच्या सरावात तिला एका कोपऱ्यात उभे करून शूटिंग अडवायला लावतील, आणि ते तर सोलापुरातही होते आहे.

रेल्वे लाइन्स

पुण्याचा निर्णय अकरावीपर्यंत लांबवला तरी चालेल, हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन सुट्टीतली शिबिरे आधी करून पाहा. दहावीच्या क्रीडा गुणांचे मात्र आत्ताच पाहून ठेवा. पात्र खेळाडूंचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून मंडळाकडे जातो, त्यामुळे विभागीय स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र शाळेकडून याच महिन्यात मागून घ्या.